पावणेदोनपट

चेर्नोगोलोव्का, १६ जानेवारी १९९३

प्रिय किरा,

पप्पांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मिळाल्या. दोन्ही डबे उलटे करून झटकले, चिठ्ठी नव्हती. असो, गोळ्या आल्या हेही काही कमी नाही. इथे औषधाच्या दुकानात सध्या फक्त कापूस मिळतो, तोही ओळखीने.

पाकिटावर मुद्दाम मोठ्या अक्षरात माझं नाव घातलंय. पप्पांचं पत्र समजून बाजूला टाकशील अशी भीती होती. भांडण तुमचं दोघांचं, मी त्यात कुठे नाही. तुझ्या लेखातली ती ओळ वाचून पप्पांनी फोनवर तुला जे ऐकवलं, ते ऐकवायला नको होतं. पण तूही फोन ठेवायला नको होतास, आणि ठेवलास तो ठेवलास, दीड वर्ष उचललाच नाहीस. या बाबतीत तू अगदी बापावर गेली आहेस.

ती ओळ मला पाठ आहे. 'कमी तापमानाला दिसणारी वाढ नमुन्यांतील अशुद्धतेमुळे असून ती वजा केली आहे.' नमुने माझे, तेव्हा अशुद्धताही माझी. मला त्याचं काही वाटत नाही, माझी कातडी आता जाड झाली आहे. लोक हे तुझ्या जन्माआधीपासून म्हणताहेत. गार करत गेलं की रेणूंच्या साखळीतले शेजारी एकमेकांशी जुळतात, गप्प होतात आणि चुंबकत्व मावळतं, असं पुस्तकात लिहिलेलं. आमचे स्फटिक, त्या काळ्या सुया, मात्र गार कराव्या तशा जास्तच चुंबकीय होतात. आलेखाला शेवटी शेपूट फुटतं. ते शेपूट म्हणजे बाईने भांडी नीट धुतली नाहीत, म्हणून कापा आणि पुढे चला. जगभर हाच रिवाज आहे, तू एकटीने काही वेगळं केलं नाहीस.

फक्त तू पप्पांची मुलगी. तू लहान असताना ते तुला काय सांगायचे ते आठवतं का? आमच्या पदार्थातला एक रेणू लंगडा आहे, त्याची एक बाजू दुसरीसारखी नाही. तो दाराशी काढलेल्या बुटांसारखा पडतो, कुणाचं टोक आत, कुणाचं बाहेर. त्यामुळे साखळीत कुठे शेजाऱ्यांची ओढ घट्ट, कुठे सैल. घट्टवाले लवकर जुळून गप्प होतात. सैलवाल्यांत कितीही गार केलं तरी कुणी ना कुणी एकटे उरतातच. म्हणजे शेपूट साखळीचंच, ते घाणीचं नाही. तू त्या वेळी सगळ्यांचे बूट नीट लावून ठेवले होतेस आणि विचारलं होतंस, आता गेलं का शेपूट? पप्पा आठवडाभर ते सगळ्यांना सांगत फिरत होते.

आणि त्यांचा तो पावणेदोन. घाण असती तर थंडी दुप्पट केल्यावर, म्हणजे निरपेक्ष तापमान निम्म्यावर आणल्यावर, चुंबकत्वही दुप्पट झालं असतं. आमचं दुप्पट होत नाही, पावणेदोनपट होतं. सगळे म्हणतात एवढा पाव म्हणजे तुमच्या जुन्या यंत्राची चूक. तुझ्याकडचं यंत्र नवं आहे.

म्हणून मागते आहे. मी दोन पदार्थ बनवते, एक आमचा लंगडा, दुसरा तसाच पण दोन्ही बाजूंनी सारखा. तीच भांडी, तेच द्रावण, हेच हात. घाण असेल तर दोघांनाही शेपूट येईल. पप्पांचं खरं असेल तर एकालाच. तू फक्त मोज.

पप्पा बरे आहेत. जरा थकतात.

तुझी आई

९ फेब्रुवारी

किरा,

उत्तर नाही. टपाल सध्या बैलगाडीने जातं असं म्हणतात, तेव्हा तुला संशयाचा फायदा देते.

मी काम सुरू केलंय. संस्थेच्या तळघरातली ऊब बंद झाली आहे, तिथे द्रावण ठेवलं तर तासाभरात गारठतं आणि सुयांऐवजी काजळी मिळते. सुया हव्या तर गरम द्रावण अगदी हळूहळू गार व्हायला हवं. म्हणून चंबू घरी आणला. आजी कुट्टूची खीर जशी उशांत गुंडाळून ठेवायची, तसा तो पप्पांच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळून कपाटात ठेवलाय. स्वयंपाकघरात रसायनं आणायची नाहीत हे मी आयुष्यभर प्रयोगशाळेतल्या पोरींना शिकवलं. आता शिकवायला पोरी उरल्या नाहीत, तेव्हा चालतं.

लंगड्याच्या सुया निघाल्या. किरा, काय सुया आहेत! उन्हात धरल्या की काळ्यावर हिरवी झाक येते. त्यांना कुणी घाण म्हणावं?

इथेच मोजून घ्यावं म्हणून, मापनाच्या थंडीला लागणारं द्रव हेलियम मिळतं त्या खोलीत गेले होते. तिथलं यंत्र सांभाळणारा फ्योदोर कुझमिच एकटाच स्टुलावर बसला होता. हेलियम द्रव करणारं यंत्र शरद ऋतूपासून बंद आहे, आणि त्याने ती खोली गार राहते म्हणून तिथे कोबीचं लोणचं घातलंय. मी विचारलं, थोडंसं तरी मिळेल का? म्हणाला, "रिम्मा सावेल्येव्ना, हेलियम नाही, कोबी आहे. बरणी आणा." बरणी नेली. काय करणार? बाहेर वजा बावीस आहे. तुझ्या बापाला हवी तेवढी थंडी व्हायला अजून अडीचशे अंश कमी पडतात, रशियाचा हिवाळासुद्धा आमच्या कामाचा नाही.

पप्पा मजेत आहेत. परवा रविवारी संस्थेत जाऊन आले, बंद होती, हसत परतले. काल तीनदा विचारलं, किरा शाळेतून आली का? थट्टा करतात. तुला ठाऊक आहे त्यांचा स्वभाव.

आई

२७ फेब्रुवारी

किरा,

ती थट्टा नव्हती.

दुसरा पदार्थ, सारखा असलेला, काल कोटात होता. मी ब्रेडच्या रांगेत उभी होते. घरी येते तर कपाट उघडं, चंबू फरशीवर कोरडा ठणठणीत, पप्पा नाहीत, कोट नाही. द्रावण लाकडी फरशीच्या फटीत गेलं होतं. सगळ्या खिडक्या उघडल्या आणि धावले. बसथांब्यावर उभे होते. उशीर होतोय म्हणाले, आज मापन आहे. मी ओरडलेच, कोट कशाला काढलास? तर मला म्हणाले, "रिम्मा, बाहेर एवढी थंडी आहे. तू कोट चंबूला घालतेस आणि माणसं उघडी फिरवतेस."

मला हसू आलं. भर रस्त्यात मी हसत होते आणि मग रडत होते, आणि ते माझ्या मफलरचं टोक नीट खोचत होते. सरळ बोलायचं तर त्यांचंच बरोबर होतं.

हे सुरू होऊन वर्ष होत आलं. तुला लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू आली असतीस, दया म्हणून आली असतीस, आणि त्यांनी ते लगेच ओळखलं असतं. निदान तेव्हा ओळखलं असतं. डॉक्टरीणबाई म्हणतात वय झालं. सहासष्ट हे वय नसतं हे त्यांनाही ठाऊक आहे, पण त्यांच्याकडेही कापसाखेरीज काही नाही.

सकाळी ते बरे असतात. सकाळी अजून सगळं समजतं, फळ्यावर लिहितात, माझ्या चुका काढतात. ही सकाळ रोज आखूड होते आहे. मी घड्याळ बघावं तशी बसून बघते आणि मला काहीही करता येत नाही. गोळ्या देते, बूट लपवते, गॅस बंद करते. एवढंच.

म्हणून घाई. त्यांना समजतंय तोवर कुणीतरी येऊन सांगायला हवं की तुमचं बरोबर होतं. मी सांगितलेलं चालत नाही, मी त्यांची बायको. जगाने सांगितलेलंही नको. तू सांगायला हवंस. उलटं निघालं तरीही तूच सांग. त्यांना खोट्या समजुती आवडत नाहीत.

मूळ पावडर थोडी उरली आहे. ती निर्वातात उडवून, गार काचेवर पुन्हा धरून, परत शुद्ध करायला घेतली आहे. या वेळी कोट शेजारच्या घरी ठेवलाय, चंबूसकट.

आई

३० मार्च

किरा,

सुया निघाल्या. थोड्या आहेत पण पुरतील.

इन्ना मार्कोव्ना, खालच्या मजल्यावरची, क्ष-किरणांवर काम करायची ती, बहिणीकडे ल्योंला, तुझ्या शहराजवळच, चालली आहे. बहुधा कायमची, पण सांगते मात्र दोन आठवडे. तिच्याबरोबर पाठवते. काचेच्या दोन नळ्या आहेत, एकीला पांढरा दोरा, एकीला लाल. नळ्या व्हॅलिडॉलच्या गोळ्यांच्या डब्यांत घातल्यात. इन्नाला काळजी, सीमेवर विचारलं तर काय सांगू? मी म्हटलं, हृदयाचं औषध म्हण. ती म्हणे, आणि त्यांनी माझ्यासमोर खायला लावलं तर? मी म्हटलं, तर मग हृदयाचं काम कायमचं होईल. ती हसली नाही. रागावू नकोस तिच्यावर, एवढी भित्री बाई आपल्यासाठी हे करते आहे.

कुठल्या दोऱ्यात कुठला पदार्थ ते सांगणार नाही. नाहीतर उद्या म्हणशील, आईने सांगितलं म्हणून तसं दिसलं. आधी मोज, मग विचार. आणि एक हात जोडून सांगते, तुमच्याकडचा संगणक शेपूट आपोआप कापतो असं ऐकलं आहे. तो कापू देऊ नकोस. जे येईल ते कच्चंच बघ.

भांडी कशी धुतली ते लिहायचा विचार होता. लिहीत नाही. धुतली.

पप्पांना सांगितलं की किरा मोजणार आहे. त्यांनी विचारलं, कोण किरा? मग लगेच म्हणाले, कळलं, कळलं. चेहऱ्यावरून कळलं की नाही ते मला समजलं नाही.

आई

२५ मे

किरा,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. नळ्या पोहोचल्या, यंत्र जुलैपर्यंत दुसऱ्यांनी धरून ठेवलंय, साहेब परवानगी देतील असं वाटतं, पप्पा कसे आहेत. आणि खाली 'किरा'. 'तुझी' लिहून खोडलेलं दिसतं आहे, पेन चांगलं आहे तुझं, दाबून लिहितं.

मी रागावले नाही. हे वाक्य तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा खोटं वाटलं, म्हणून रागावले आहे असंच समज. जुलै म्हणजे काय ते तुला कळत नाही. तुमच्याकडे यंत्राला रांग असते, पण त्या रांगेतल्या कुणाचं काही नासत नाही. सुया काय, दहा वर्षं ठेव, सुयांना काही होणार नाही.

पप्पांचं विचारलंस. सकाळ अजून आहे, चहाच्या पेल्याएवढी. मग गोंधळ सुरू होतो. दुपारनंतर ते मला ओळखत नाहीत, पण वागतात इतकं छान की काय सांगू. अहो-जाहो करतात. खुर्ची ओढून देतात. काल सूप वाढलं तर म्हणाले, "तुमचे फार उपकार आहेत, पण माझी बायको आली की ती करील, तुम्ही त्रास घेऊ नका." मी विचारलं, कुठे गेली बायको? प्रयोगशाळेत, म्हणाले, तिला यायला उशीर होतो. लग्नानंतर एवढ्या अदबीने हा माणूस माझ्याशी कधी बोलला नव्हता. पहिल्यांदा मला त्यात गंमत वाटली होती.

फळ्यावर अजून लिहितात. आकडे असतात, रेघा असतात, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. मी पुसत नाही. त्यांचे एक जुने विद्यार्थी भेटायला आले होते, आता संगणक विकतात. फळ्यासमोर उभे राहिले आणि बराच वेळ अर्थ लावत बसले, त्यांना वाटलं काही नवीन आहे. मी त्यांना चहा दिला.

तुला यायला सांगत नाही. आलीस तर दार उघडं आहे, पण तुझा व्हिसा, तुझी नोकरी, मला सगळं कळतं. मी फक्त विचारते, त्या रांगेत कुणाला तरी म्हणता येणार नाही का की माझे वडील आहेत? एक दिवस. एकच दिवस द्या.

आई

१९ जुलै

किरा, माझी किरा,

गेल्या आठवड्यात फोनवर मी तुला म्हटलं की पप्पांना सांगितलं आणि ते फार खूष झाले. ते खरं नाही. लाइन खरखरत होती, तू रडत होतीस, आणि मला काय बोलावं सुचेना. आता खरं काय ते लिहिते.

तू आधी पांढऱ्या दोऱ्याचं सांगितलंस. गार करत नेलं, शेपूट आलं, थंडी दुप्पट केल्यावर पावणेदोनपट, पुन्हा दुप्पट केली, पुन्हा पावणेदोनपट. मग लाल दोऱ्याचं, त्यात शोधूनही जवळजवळ काही नाही. मग विचारलंस, "आई, पांढरा कुठला?" मी म्हटलं, लंगडा. मग तू म्हणालीस, "आई, इतका स्वच्छ नमुना आमच्या प्रयोगशाळेत आजवर आलेला नाही. ती ओळ चुकीची होती. मी तसं छापून आणते." मी नुसतं बरं म्हटलं. तुला वाटलं असेल आई अजून रुसली आहे. मी जोड्यांच्या कपाटाला धरून उभी होते.

दुपार होऊन गेली होती, त्यांची वेळ नव्हती. सकाळपर्यंत थांबायला हवं होतं. पण हल्ली सकाळचाही भरवसा नाही, आणि माझ्याच्याने थांबवेना. ते खिडकीशी मटार सोलत बसले होते, तेवढं काम त्यांना छान जमतं. मी समोर बसले आणि एकेक वाक्य करून सांगितलं. पांढऱ्यात पावणेदोनपट. लालमध्ये काही नाही. भांडी तीच, द्रावण तेच, हात तेच. किराने मोजलं, काही कापलं नाही. किरा म्हणते, ती घाण नाही, ती साखळीच तशी आहे.

त्यांचे हात थांबले. किरा, ते ऐकत होते. कपाळावर ती उभी आठी पडली, कुणी फळ्यावर बरोबर काही लिहिलं की पडायची ती. "पावणेदोन," ते म्हणाले. "हो. तेवढंच यायला हवं." मला वाटलं परत आले. देवाशप्पथ मला वाटलं, परत आले, आणि मी त्यांचा हात धरला.

त्यांनी तो हळूच सोडवून घेतला, परक्या बाईच्या हातातून सोडवतात तसा. आणि म्हणाले, "तुम्ही माझं एक काम कराल का? हे माझ्या बायकोला जाऊन सांगा. तिला वाटतं तिच्याच हातून काहीतरी राहून जातं. धुतलेली भांडी पुन्हा धुते, रोज, आणि नळ मोठा सोडून तिथे रडते. मी कधी तिला बोललो नाही, तिला लाज वाटली असती. तिला सांगा, तिची भांडी स्वच्छ होती."

किरा, मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला नाही, माझ्या आईला नाही. रडणं ऐकू जाऊ नये म्हणूनच नळ मी मोठा सोडायचे. मला वाटायचं मी हे सगळं त्यांच्यासाठी करते आहे, सुया, कोट, तुझ्याकडे केलेल्या विनवण्या, सगळं. आणि हा माणूस दाराबाहेर उभा राहून ऐकत होता, इतकी वर्षं, आणि मला न दुखवता जगाशी भांडत होता. तुझ्याशीही तो माझ्यासाठीच भांडला. ते आता मी त्याला विचारू शकत नाही. त्याला काही सांगूही शकत नाही. ज्याला सांगायचं तो माझ्यासमोर बसलाय आणि मी त्याच्यासाठी शेजारीण आहे.

मी सांगते म्हटलं. स्वयंपाकघरात गेले, तिथे थोडी उभी राहिले, परत आले आणि म्हटलं, तिला सांगितलं.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, तिचे हात ओले आहेत, पुसून येते म्हणाली. ते समाधानाने मान हलवून पुन्हा मटार सोलू लागले. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. काल दुपारीही विचारलं, आज आता तू पत्र वाचतेस तेव्हाही विचारत असतील. स्वतःचं नाव विसरतात, गावाचं विसरतात, हे विसरत नाहीत. दाराकडे बघत बसतात आणि मी आत गेले की आशेने मान वर करतात. रोज काहीतरी सांगते, येते आहे, आलीच, आणि रोज ते थोडे अधिक उदास होतात, कारण एवढी मोठी गोष्ट ऐकून बायकोने एक शब्दही पाठवू नये हे त्यांना पटत नाही.

तू तिला ओळखतेस. तू तिची मुलगी आहेस. मला तर ती आता आठवतसुद्धा नाही. तूच सांग, किरा, ती काय म्हणाली म्हणून सांगू?

तुझी आई